मुलाच्या हर्नियात गर्भपिशवी निघाली, आता काय करू?

पत्र थोडक्यात: एका वाचक बहिणीने तीन पानं भरून पत्र पाठवलंय, नाव-गाव देत नाही. वय 26, तालुक्याच्या गावी राहते. नवरा सख्ख्या मामाचा मुलगा, म्हणजे सासू ही मामीच. मोठी मुलगी 4 वर्षांची, धाकटा मुलगा 15 महिन्यांचा. त्याची उजवी गोटी जन्मापासून खाली उतरलेली नव्हती आणि रडला की डाव्या जांघेत फुगा यायचा, म्हणून हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. अर्ध्या तासाचं काम सांगितलेलं, दीड तास झाला तरी पोरगं आतच. बाहेर एक नर्स फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मुलाच्या हर्नियात गर्भपिशवी निघाली." त्या हर्नियातच दोन्ही गोट्या आणि छोटी गर्भपिशवी होती. डॉक्टरांनी काहीही काढलं नाही, दोन्ही गोट्यांचा बारीक तुकडा तपासणीला घेतला आणि सगळं आत ठेवून टाके घातले. आता रिपोर्ट आलेत: गुणसूत्रं 46 एक्सवाय म्हणजे मुलाचीच, दोन्ही गोट्या म्हणजे वृषणच, अंडाशय नाही. कार्डावर लिहिलंय पीएमडीएस, म्हणजे पर्सिस्टंट म्युलेरियन डक्ट सिंड्रोम. नवरा म्हणतो कुणाला कळायच्या आत काढूनच टाकू. मामी म्हणतात आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं, हिनेच ग्रहणात सुरी हातात घेतली. शेजारीण म्हणाली असल्या मुलांना किन्नर घेऊन जातात. एक डॉक्टर म्हणतात गर्भपिशवी लगेच काढा, दुसरे म्हणतात घाई नको. पत्राच्या शेवटी ती विचारते, "ताई, माझा मुलगा मुलगाच आहे ना? आणि हे माझ्यामुळं झालं का?"

अगं, शेवटून सुरू करते कारण तुझं खरं पत्र त्या शेवटच्या दोन ओळींतच आहे. हो, तुझा मुलगा मुलगा आहे. आणि नाही, तुझ्यामुळे झालं नाही. आता बस, पाणी पी, आणि बाकीचं सावकाश वाच.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. लहान मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात समुपदेशक म्हणून अकरा वर्षं काढली, तेवढ्यात या आजाराची घरं बोटांवर मोजण्याइतकी पाहिली, कारण आजारच तसा दुर्मिळ आहे, जगभरच्या नोंदी मिळून काहीशे. म्हणजे तुझ्या गावातल्या डॉक्टरांनी तो आयुष्यात पाहिलेला नसणं अगदी शक्य आहे. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत त्याचा म्हणूनच फार धसका घेऊ नकोस, त्यांनी पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदाच समोर आलंय.

आधी आत नेमकं काय घडलं ते समजून घे, कारण मला वाटतं घरातली निम्मी भीती "मुलाच्या पोटात बाईचा अवयव" या एका वाक्याची आहे. गर्भात सुरुवातीला सगळीच बाळं सारखी असतात बरं का, मुलगा असो की मुलगी. प्रत्येकाच्या पोटात दोन जोड नळ्या असतात, एका जोडीतून पुढे पुरुषाची शुक्रवाहिनी वगैरे होते, दुसरीतून गर्भपिशवी आणि तिच्या बाजूच्या नलिका. त्या दुसऱ्या जोडीला म्युलर नळ्या म्हणतात. तू, मी, तुझा नवरा, तुझे सासरे, सगळ्यांच्या पोटात त्या कधीतरी होत्या. मुलाच्या बाबतीत साधारण आठव्या आठवड्यात वृषण काम सुरू करतात आणि दोन निरोप धाडतात. एक टेस्टोस्टेरॉनचा, की पुरुषाचे अवयव बांधायला घ्या. दुसरा एएमएच नावाच्या हार्मोनचा, की म्युलर नळ्या आता लागणार नाहीत, त्या विरवून टाका. तुझ्या बाळाचा पहिला निरोप नीट पोचला, म्हणून तर बाहेरून तो शंभर टक्के मुलगा दिसतो, लघवीची जागा नीट, सगळं नीट. दुसरा निरोप तेवढा पोचला नाही, म्हणून जे विरायला हवं होतं ते राहून गेलं. एवढीच गोष्ट आहे. नवं काही उगवलेलं नाही, जुनं काढायचं राहिलंय.

आल्फ्रेड जोस्त नावाच्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाने 1947 च्या सुमारास सशांच्या गर्भांवर प्रयोग करून हे शोधलं. वृषण काढलेल्या गर्भाला त्याने नुसतं टेस्टोस्टेरॉन दिलं तर पुरुषाच्या नळ्या टिकल्या पण म्युलर नळ्या काही गेल्या नाहीत, त्यावरून त्याला कळलं की त्या घालवणारा पदार्थ वेगळाच असणार. मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो, कारण त्या सशाच्या पिल्लात जे दिसलं ते जवळपास तेच आहे जे तुझ्या लेकराच्या जांघेत दिसलं. आणि एएमएच हे नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर आहे, मूल होत नाही म्हणून दवाखान्यात गेलेल्या बायकांना जी एएमएच टेस्ट करायला लावतात तेच हे हार्मोन.

आता तू आडून आडून विचारलंयस ते. त्याला पुढं पाळी येईल का? नाही. पाळी चालवतं अंडाशय, आणि ते त्याला नाहीच, रिपोर्टात स्पष्ट आलंय. वयात येताना छाती वाढेल का, आवाज बायकी राहील का? टेस्टोस्टेरॉन तयार करणारे वृषण नीट असतील तर दाढी-मिशा, आवाज, उंची सगळं इतर मुलांसारखं. म्हणूनच सगळा जीव त्या दोन गोट्यांवर लावायचा, गर्भपिशवीवर नाही. माझ्या या सगळ्या लांबण लावण्यातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल.

कारण बघ, तुमच्या घरात घाई भलत्याच गोष्टीची चाललीय. गर्भपिशवी काढायची घाई आहे कारण लोकांना कळेल. पण ती आत गुपचूप पडून आहे, या वयात ती त्याला काही करत नाही. गोट्यांचं मात्र तसं नाही. त्या वर पोटात किंवा जांघेत राहिल्या तर शरीराच्या उष्णतेने खराब होतात, पुढे मूल व्हायला अडचण येते, मोठेपणी त्यात कॅन्सर व्हायचा धोका वाढतो, आणि या आजारात त्या सैल लोंबकळत असल्यामुळे पिळा पडायची भीतीही जास्त. न उतरलेल्या गोटीचं ऑपरेशन साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयात व्हावं असं मानतात. तुझं बाळ 15 महिन्यांचं आहे, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. मधल्या काळात तो अचानक कळवळून रडायला लागला, उलट्या झाल्या, जांघेत किंवा पोटाच्या खालच्या भागात सूज, लाली दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं. पिळा पडलेली गोटी वाचवायला काही तासच हातात असतात.

मग गर्भपिशवी काढायचीच नाही का? इथं थोडं बारकाईनं वाच, आणि तुझ्या मिस्टरांनाही वाचून दाखव. नसबंदीत जी नस बांधतात ना, वृषणातून बीज बाहेर नेणारी, ती नस या मुलांच्यात गर्भपिशवीला अगदी बिलगून असते, कित्येकदा तिच्या भिंतीतूनच जाते. रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही तिथंच. म्हणजे "काढूनच टाका" म्हणून कुणी सरसकट कापलं तर गर्भपिशवीबरोबर ती नसही तुटू शकते, कधी गोटीचं रक्तही तुटू शकतं. लपवायला म्हणून केलेल्या ऑपरेशनने त्याची नसबंदी होऊन बसायची, तीही दीड वर्षाच्या वयात! उलट बाजूही खरी आहे. ती तशीच ठेवली तर मोठेपणी त्या राहिलेल्या भागात कॅन्सर झाल्याच्या थोड्या का होईना नोंदी आहेत, आणि गर्भपिशवी गोट्यांना वर धरून ठेवते त्यामुळे त्या खाली ओढता येत नाहीत. म्हणून अनुभवी सर्जन मधला रस्ता काढतात, ती मधोमध उभी चिरून दोन भाग करायचे म्हणजे प्रत्येक गोटी आपल्या नसेसकट खाली आणता येते, किंवा आतलं अस्तर तेवढं काढून भिंत ठेवायची. कुणाला काय योग्य ते आत बघूनच ठरतं. ज्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काहीही न कापता टाके घातले ना, त्यांनी तुझ्या मुलावर उपकार केलेत असं मी म्हणेन. अचानक समोर आलं म्हणून त्यांनी हात चालवला नाही.

ऑपरेशन लहान मुलांच्या सर्जनकडेच कर, म्हणजे पेडियाट्रिक सर्जन, आणि जिथं लहान मुलांचे हार्मोनचे डॉक्टरही आहेत अशा मोठ्या ठिकाणी. मुंबईत परळला केईएम आणि लहान मुलांचं वाडिया आहे, पुण्या-नागपूरकडची मोठी सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. पैशांची काळजी पत्रात दिसली, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचार, आणि अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) टीमलाही दाखव, जन्मजात दोष असलेल्या मुलांना पुढे पाठवणं हे त्यांचंच काम आहे. सर्जनला लाजू नकोस, सरळ विचार की नस वाचवणार का, कशी, गर्भपिशवीचं नेमकं काय करणार, एका वेळी होईल की दोन टप्प्यांत, आणि नंतर किती वर्षं दाखवायला यायचं. उत्तर देताना जे कागदावर चित्र काढून दाखवतात ते डॉक्टर मला तरी बरे वाटतात.

आता मामी.

मला कळतंय तुला त्या सुरीचं किती लागलंय. सात महिन्यांची पोटुशी असताना ग्रहणात सुरी घेतली असं लिहिलंयस. अगं, वर सांगितलं ना, हे सगळं आठव्या आठवड्याच्या आसपास ठरून गेलेलं असतं, तेव्हा तुझं पोटही दिसायला लागलं नसेल. सातव्या महिन्यात तू भाजी चिरलीस की नारळ फोडलास, बाळाच्या पोटात काहीही बदलणार नव्हतं. दुसऱ्या महिन्यात अंगावर जायला लागलं म्हणून घेतलेल्या गोळ्यांचंही तू लिहिलंयस, त्यांचाही याच्याशी संबंध नाही. हा जनुकांचा आजार आहे. एक तर एएमएच बनवणारं जनुक बिघडलेलं असतं म्हणजे निरोप धाडलाच जात नाही, नाहीतर तो ऐकणारं जनुक बिघडलेलं असतं म्हणजे निरोप येतो पण घेणारं कुणी नाही. रक्तात एएमएच किती आहे बघितलं की दोन्हींतलं कुठलं असावं याचा अंदाज येतो, आणि ही तपासणी लहानपणीच करायची, कारण वयात आल्यावर मुलांचं एएमएच तसंही खूप उतरतं. डॉक्टरांनी अजून सांगितली नसेल तर तू विचार.

आणि घराण्याचं म्हणशील तर हा आजार व्हायला बिघडलेल्या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून यावी लागते. एकच असेल तर माणूस ठणठणीत, आयुष्यभर कळतही नाही. तुझी आई आणि तुझे सासरे सख्खे बहीणभाऊ. म्हणजे तुझे आजी-आजोबा आणि तुझ्या नवऱ्याचे आजी-आजोबा एकच. त्या दोघांपैकी एकाकडे ती प्रत असणार, ती एका बाजूनं तुझ्या आईतून तुझ्यापर्यंत आली आणि दुसऱ्या बाजूनं मामांमधून तुझ्या नवऱ्यापर्यंत, बहुतेक असंच झालंय. मामी ज्याला "आमचं घराणं" म्हणतात ते तुझं आजोळ आहे! तू बाहेरून काही घेऊन आलेली नाहीस. जेवढं तुझ्याकडून आलं तितकंच त्यांच्या मुलाकडून. हे भांडणात तोंडावर फेकायला सांगत नाहीये मी, कारण दोष मामांचाही नाही, वारलेल्या आजीचाही नाही, आपल्या शरीरात कुठली प्रत बिघडलीय हे कुणाला दिसतं? पण हे मामींना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. सुनेनं सांगितलं तर उलट उत्तर होतं.

मामाच्या मुलाशी लग्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होतात, त्यावर मी तुला आता काय बोलू, झालेलं लग्न आहे आणि चांगला संसार आहे. पण पुढचं मूल हवं असेल तर आधी जनुकशास्त्राच्या डॉक्टरांना भेटा. प्रत्येक पुढच्या मुलग्याला हे असायची शक्यता चारात एक असते. मुलीला दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तरी हा त्रास दिसत नाही, तिच्या नळ्या राहायच्याच असतात, त्यामुळे तुझ्या थोरलीची काळजी करू नकोस. आणि नात्यात अजून कुठल्या मुलाची गोटी उतरलेली नसेल तर त्याच्या आईच्या कानावर नक्की घाल, नाव लपवून घातलंस तरी चालेल. त्या मुलाला हाच आजार असेल असं नाही, पण न उतरलेली गोटी तशीही दाखवायलाच हवी.

शेजारणीचं थोडक्यात. किन्नर कुणाचं मूल असं उचलून नेत नाहीत, ही भीती घालायची जुनी गोष्ट आहे, आणि तीही माणसंच आहेत, त्यांचं नाव शिवीसारखं घेऊ नये. तुझ्या मुलाची गोष्ट मुळात वेगळी आहे. तिला "हर्नियाचं ऑपरेशन झालं, गोटी उतरवायचं बाकी आहे" एवढं सांग, ते खोटंही नाही. शेजाऱ्यांना फाईल दाखवायला आपण बांधील नाही.

पण मुलाला स्वतःला सांगायचं. इथं मी तुझ्या नवऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभी आहे आणि मनापासून उभी आहे. आमच्याकडे एकदा एक तिशीतला माणूस आला होता, लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही, तपासणीत बीज अजिबात नाही. जांघेत जुना व्रण होता, लहानपणी हर्निया झाला होता एवढंच त्याला माहीत. सोबत वडील होते, धोतर, मांडीवर कापडी पिशवी, आणि डॉक्टर जुने कागद विचारत होते तेव्हा ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. शेवटी हळूच म्हणाले, कागद याच्या आईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, चुलीत घातले, त्याच्या लग्नाच्या आधी. लहानपणी गर्भपिशवी काढली होती आणि बहुधा नसा तिच्याबरोबर गेल्या होत्या. त्या माणसानं बाकी काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?" वडिलांनी मान हलवली. त्याची बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती, पाच वर्षं वांझ म्हणून ऐकत आलेली.

म्हणून कागद जाळू देऊ नकोस, बाई. ऑपरेशनच्या नोट्स, बायोप्सी, गुणसूत्रांचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं प्लास्टिकच्या फाईलीत घाल, प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढ आणि एक प्रत तुझ्या आईकडे ठेव. मुलाला एका दिवशी बसवून सगळं सांगायचं नसतं. चार-पाच वर्षांचा झाला की "तुझ्या गोट्या वर अडकल्या होत्या, डॉक्टरांनी खाली आणल्या." दहा-बारा वर्षांचा झाला की आतल्या नळीची गोष्ट, जशी मी तुला वर सांगितली तशीच, न दचकता. पंधरा-सोळाला त्यानं अंघोळीच्या वेळी स्वतः हातानं तपासायला शिकायचं, गाठ किंवा कडकपणा लागतो का, कारण गोट्या खाली आणल्या तरी कॅन्सरची शक्यता पूर्ण जात नाही पण हाताला लवकर लागते. आणि लग्नाच्या आधी त्यानं आपली फाईल स्वतः वाचलेली असावी. मूल होणं या आजारात अवघड असू शकतं पण अशक्य नाही, या आजारातल्या काही पुरुषांना स्वतःची मुलं झालेली आहेत. ते ठरवायला त्याला आपली नस आणि आपले कागद दोन्ही शाबूत हवेत.

तुझ्या नवऱ्यावर रागावू नकोस. तो पंधरा महिने पेढे वाटलेल्या आनंदात होता आणि एका नर्सच्या फोनवरून त्याला हे कळलं, ती बातमी त्याला अशी ऐकायला लागायलाच नको होती. बापांना "माझा मुलगा पुरा पुरुष आहे ना" ही भीती आपल्याशी बोलता येत नाही, मग ते काढून टाका म्हणतात. त्याला गुणसूत्रांचा रिपोर्ट हातात दे आणि ती एक्सवायची ओळ बोटानं दाखव. मी हे करून पाहिलंय, बाप तिथंच रडतात.

मंगळवारची अपॉइंटमेंट आहे म्हणालीस. तिघं मिळून जा, मामींनाही ने, बाळ त्यांच्याच मांडीवर राहू दे. आत गेल्यावर डॉक्टरांना आधी सांग की नळ्यांचं चित्र काढून दाखवा, आणि आजी-आजोबांपासूनचा तक्ताही त्यांच्याकडूनच काढून घे. एएमएचचं रक्त त्याच दिवशी देता येत असेल तर देऊन टाका, म्हणजे परत तेवढ्यासाठी एसटीने खेप नको. आणि ऑपरेशनची तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.